धुळीखालची झीज

१

सायकलचं वय विचारायचं असेल तर तिला आधी उलटी करावी लागते. सीट आणि हँडल जमिनीवर, चाकं वर. मग पेडलांचा एक्सल ज्या आडव्या नळीतून जातो, तिच्या पोटाखाली ओलं फडकं फिरवायचं. तिथे नंबर ठोकलेला असतो. पण नुसत्या नंबरावर थांबायचं नाही. मागच्या चाकाच्या मधोमध जो हब असतो त्याच्या नटावर बारीक दोन आकडे असतात, ते बघायचे. क्रँकच्या, म्हणजे पेडल ज्या दांडीला असतं तिच्या, आतल्या बाजूला, जिथे चालवणाऱ्याची नजर कधी जात नाही, एक छोटी खूण असते, ती बघायची. ब्रेकच्या तारा पट्ट्यांनी आवळल्यात की त्यांच्यासाठी फ्रेमवरच कड्या डागल्यात? मागे दात्यांच्या चकत्या किती? सगळ्यांनी एकच साल सांगितलं तर सायकल कारखान्यातून निघाली तशीच आहे. एकाने वेगळं सांगितलं तर मध्ये कुणीतरी हात घातलाय.

हे काम मी करते. दुकान जुन्या रेसच्या सायकलींचं आहे, म्हणजे बारीक टायरच्या, खाली वळलेल्या हँडलच्या. मालकांना सगळे भिंगकाका म्हणतात, कारण त्यांच्या कपाळावर पट्ट्याने बांधलेलं भिंग असतं आणि ते जेवतानाही उतरत नाही. एकदा त्यातून त्यांनी माझ्या डब्यातली भाजी बघून सांगितलं होतं, "ही कालची आहे." दुसरे मिस्त्री. ते दुरुस्ती करतात, मला मॅडम म्हणतात आणि दुकानात कुठेही टायर फुटला की आधी माझ्याकडे बघतात, कारण मी दचकून नक्की हातातलं काहीतरी पाडलेलं असतं.

भिंगकाकांचा एकच कडक नियम आहे. आलेल्या सायकलवर बसायचं नाही. "माप घ्यायचं ते फुटपट्टीने," ते म्हणतात, "पायाने नाही." कारण जुन्या सायकलवर आधीच्या माणसाची झीज असते. सीटचं चामडं त्याच्या बुडाचा आकार घेतं, पेडलच्या कडा त्याच्या बुटाने घासतात. तुम्ही एकदा बसलात की त्यात तुमचं मिसळतं, आणि मिसळलेलं परत वेगळं करता येत नाही.

गेल्या वर्षी माझी ताई एका सकाळी सरावाला म्हणून सायकल घेऊन गेली आणि परत आली नाही. तीही नाही, सायकलही नाही. तलावाच्या रस्त्यावरच्या वळणापर्यंत तिला लोकांनी पाहिलं होतं. वळणानंतर कुणीच नाही. वळणापलीकडे रस्ता सरळ आहे, दोन्ही बाजूंना मोकळं माळरान, लपायला एक झुडूप नाही.

तेव्हा मी रडले असेन. आता रडू येत नाही. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपलाच असून आपला वाटत नाही, तसं आतून सगळं झालंय.

हे काम मी का धरलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. जुन्या सायकलींच्या दुकानात आज ना उद्या सगळ्या सायकली येतात. प्रत्येक सायकल उलटी केली की मी आधी ताईच्या सायकलचा नंबर शोधते. मग तिचा स्वतःचा वाचते.

२

ती निळी सायकल एका बंद घराच्या तळघरातून आली. घरातली म्हातारी बाई वारली, भाच्याने कुलूप तोडलं, तर भिंतीच्या खुंटीला ही टांगलेली. भिंगकाकांनी तिला अलगद उचलून आणलं, झोपलेलं बाळ आणतात तसं.

"हात लावू नकोस. आधी बघ."

मी बघितलं. नळ्यांच्या सांध्यांवर जे लोखंडी जोड असतात, त्यांना आम्ही लग म्हणतो, ते कानशीने इतके पातळ घासले होते की नळीत विरून गेल्यासारखे दिसत होते. टोकांवर छोटी बदामं कोरलेली, आणि बदामांच्या कडेने केसाएवढी सोनेरी रेघ. ती रेघ ओढणाऱ्याचा हात एकदाही थरथरला नव्हता. असं काही बघितलं की मला थोडं बरं वाटतं. फार नाही.

मग तिला उलटी केली. नंबर, हबवरचे आकडे, क्रँकची खूण, सगळ्यांनी एकच सांगितलं. सत्तरच्या दशकाचा शेवट. माझा जन्म व्हायला तेव्हा बराच अवकाश होता. ताईचासुद्धा.

मग मी सायकल सरळ केली आणि सीटकडे वाकले.

ताईचा डावा पाय लहानपणी मांडीत मोडला होता. जुळला नीट, पण केसभर आखूड राहिला. म्हणून ती सीटवर डावीकडे कलून बसायची. तिच्या सीटला डावीकडे खोलगा होता आणि उजवी कड सहज वर आलेली. या सीटलाही तसंच होतं.

असतं कुणाकुणाचं, मी म्हटलं. मनातच.

मग पेडलांवरच्या पट्ट्या बघितल्या. बूट पेडलला घट्ट बसावा म्हणून चामडी पट्टी असते, ती सरकू नये म्हणून पेडलमधून ओवताना तिला एक पीळ देतात. सगळे एक देतात. ताई दोन द्यायची, उलटे. या पट्ट्यांना दोन पीळ होते, उलटे, आणि चामडं त्या पिळातच वाळून कडक झालं होतं.

उजव्या ब्रेकच्या मुठीवरच्या रबरावर आतून एक चंद्रकोरीसारखा चिरा होता. बाबा गेल्यावर त्यांची स्टीलची अंगठी ताई उजव्या हाताच्या मधल्या बोटात घालायची. तिच्या सायकलच्या रबरावर अगदी तिथेच असा चिरा पडला होता.

झिजेला हात लावायचा नव्हता, तरी मी त्या चिऱ्यावर बोट ठेवलं. बोटाला धूळ लागली. चिऱ्याच्या आत धूळ. सीटच्या खोलग्यात धूळ, आणि त्या धुळीवर आणखी जुनी, मखमलीसारखी बसलेली धूळ. म्हणजे झीज आधीची होती आणि धूळ नंतरची.

मी चिठ्ठीवर साल लिहिलं आणि दोऱ्याने हँडलला बांधली. अक्षर नेहमीसारखं आलं.

३

आई रोज सकाळी ताईच्या सायकलच्या, घरी राहिलेल्या दोन्ही बाटल्यांत पाणी भरून ओट्यावर ठेवते. संध्याकाळी ते कुंड्यांना घालते.

"काय आलं आज?" तिने विचारलं. ती रोज विचारते. तिला काय विचारायचं असतं ते मला कळतं.

"एक निळी. जुनी आहे. खूप जुनी."

"अच्छा." तिने बाटल्या रिकाम्या करायला घेतल्या. "बसली नाहीस ना कुठल्या सायकलवर?"

"नाही गं."

"माझी शपथ आहे हां तुला."

"माहितीये आई. रोज घालतेस. जुनी झाली ती शपथ आता."

ती जरा हसली. हसताना ती हल्ली तोंडावर हात धरते, कुणी बघेल की काय म्हणून.

तशी मी कधीच चांगली चालवणारी नव्हते. मला घरात दचकू म्हणायचे. कुत्रा दिसला ब्रेक, ट्रकचा आवाज आला ब्रेक, स्वतःची सावली पुढे आली तरी ब्रेक. "ब्रेकवरच संसार थाटणारेस का तू?" ताई म्हणायची. शिवाय माझी उजवी टाच आत वळते, ती क्रँकला घासायची, आणि क्रँकवर आरशासारखा चकचकीत डाग पडायचा. ताई खूप पुढे निघून जायची. मग ती पेडल मारायचं थांबवायची. पेडल थांबलं की मागच्या चाकातलं फ्रीव्हील टिकटिक वाजतं. रिकाम्या रस्त्यावर ती टिकटिक ऐकू आली की मला कळायचं, ताई थांबली माझ्यासाठी. मागे वळूनही न बघता ती ओरडायची, "ये गं दचकू, ये, खात नाही तुला रस्ता!"

त्या सकाळी मी तिच्याबरोबर जाणार होते. मला झोप आली होती.

४

"काका, झिजेवरून माणूस ओळखता येतो?"

भिंगकाका एका ब्रेकच्या स्क्रूमध्ये पूर्ण शिरलेले होते. "माणूस नाही ओळखता येत. सवय ओळखता येते."

"आणि दोन माणसांची सवय अगदी सारखी असली तर?"

"असतेच की. जगात पाय दोनच प्रकारचे, पोरी. डावा आणि उजवा." मग त्यांनी भिंग वर सरकवलं आणि माझ्याकडे नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. असं ते क्वचित करतात. "निळीबद्दल विचारतेयस?"

मी मान हलवली.

"माझी बायको गेली ना, तेव्हा सहा महिने मला रस्त्यात सगळ्या बायकांच्या पाठी तिच्या वाटायच्या. एकीला तर हाक मारली. चांगलीच बोलणी खावी लागली मला." ते परत स्क्रूत शिरले. "कमी होतं ते हळूहळू."

त्यांचं बरोबर होतं. मी कॉलेजात शास्त्र शिकले आहे. डोकं ओळखीचे आकार शोधतं, ढगांत चेहरे दिसतात, हे मला पाठ आहे. मी तसं स्वतःला सांगितलं आणि मला पटलं. पटल्यावर मी निळीकडे पाहिलं. खुंटीवरून तिची सीट डावीकडे कललेली दिसत होती, कुणीतरी नुकतंच उतरल्यासारखी.

५

मग लाल आली. दुसऱ्या गावातून, दुसऱ्या माणसाकडून, एका शाळेच्या अडगळीतून. साठचं दशक, सुरुवात. निळीपेक्षा जुनी. मी ती उलटी केली, नंबर वाचला, सरळ केली. मग बराच वेळ सीटकडे बघितलंच नाही. आधी भिंतीकडे बघितलं.

शेवटी मी मिस्त्रींना बोलावलं. त्यांना काही सांगितलं नाही. निळी आणि लाल शेजारी शेजारी लावल्या.

"मिस्त्री, या दोघी चालवणाऱ्यांबद्दल काय सांगाल?"

"परीक्षा घेताय का मॅडम? पास झालो तर चहा तुमचा."

"चहा माझा."

ते गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. सीट, पट्ट्या, रबर, पेडल. दुसरीकडे गेले. परत पहिलीकडे आले. आधी हसत होते, मग हसू तसंच तोंडावर राहिलं आणि डोळे वेगळंच बघायला लागले.

"दोघी कुठल्या?" ते म्हणाले. "एकीच आहे की ही. डावीकडे बसते. उजव्या हातात काहीतरी धातूचं घालते. आणि पट्टीला उलटे दोन पीळ, असं मी कुणाचं बघितलं नाही, का देते कोण जाणे."

"तिला वाटायचं की एक पीळ सुटतो," मी म्हणाले.

"काय?"

"काही नाही."

"फक्त या लालवर ती जास्त चाललीय. बघा, चिरा किती खोल गेलाय. निळी घेतली तेव्हा नवखी असेल, मग ही घेतली."

"लाल आधीची आहे, मिस्त्री. जवळजवळ वीस वर्षं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग चिठ्ठ्यांकडे. "मग तुमचं साल चुकलंय."

साल चुकलं नव्हतं. मी तीनदा तपासलं. भिंगकाकांनी एकदा. चहा मी पाजला. मिस्त्रींनी तो उभ्याउभ्या संपवला आणि संध्याकाळी जाताना निळी आणि लाल वेगवेगळ्या भिंतींना टांगून गेले.

६

तिसरी, करडी, चाळीसच्या दशकातली. तिच्यावर पट्टीचं एक टोक तुटलं होतं आणि ते जाड दोऱ्याने शिवलेलं होतं. टाके आईसारखे होते, तिरके, शेवटचा टाका दुहेरी. आम्हा दोघींना आईनेच शिवायला शिकवलं. सीटचा खोलगा इतका खोल होता की त्यात पाणी राहिलं असतं.

तेव्हा मला दिशा कळली. निळी, लाल, करडी. प्रत्येक आधीच्यापेक्षा जुनी, आणि प्रत्येकीवर आधीच्यापेक्षा जास्त रस्ता. ताई वळणावरून पुढे गेली होती, फक्त आम्ही ज्याला पुढे म्हणतो तिकडे नाही.

हे वाक्य मी मनात पूर्ण उच्चारलं आणि मला काही वाटलं नाही. शेजारच्या घरातलं भांडण ऐकावं तसं ते ऐकू आलं. मग वाटलं, ती कुठेतरी आहे. शिवतेय, बसतेय, चालवतेय. हे आईला सांगता येईल का? कसं सांगणार? आई, ताई सापडली, ती तुझ्या जन्माच्या आधी आहे.

दुपार होती. भिंगकाका आतल्या खोलीत झोपले होते, त्यांची घोरण्याची शिट्टी येत होती. करडी स्टँडवर होती, मागचं चाक अधांतरी. मला एकच बघायचं होतं, पट्टी कितव्या भोकात बसवलीय. ताईचा आणि माझा बूट एकाच मापाचा. फुटपट्टी बाजूलाच पडली होती.

मी उजवा पाय पेडलवरच्या, बूट अडकवायच्या पिंजऱ्यात सरकवला.

अगदी बरोबर बसला. मी पट्टी ओढली, आणि बघू तरी म्हणून पेडल एकदा उलटं फिरवलं. फ्रीव्हील वाजलं. टिक टिक टिक टिक. मी पाय थांबवला, आवाज थांबला.

मग तो पुन्हा सुरू झाला. माझ्या सायकलमधून नाही. मागून, टांगलेल्या रांगेतून, सावकाश, सारख्या अंतराने. पुढे गेलेलं माणूस पेडल थांबवून मागच्याची वाट बघतं, त्या वेगाने.

मी पाय इतक्या जोरात ओढला की बूट आतच राहिला. एका पायावर उभी राहून मी रांगेकडे बघत होते. चाळीसेक चाकं, सगळी स्थिर. टिकटिक आणखी थोडा वेळ चालली आणि मग थांबली. वाट बघून कंटाळल्यासारखी नाही. मागचं माणूस दिसल्यावर थांबते तशी.

आतून भिंगकाका ओरडले, "काय पाडलंस गं?"

"काही नाही काका. बूट."

७

त्यानंतरच्या आठवड्यात जोडी आली.

ती टेम्पोतून उतरवताना भिंगकाकांना शब्द सुचत नव्हते. लाकडी रिमच्या सायकली, विसाच्या दशकातल्या, एकाच कोठारातल्या, एकमेकींना टेकवून ठेवलेल्या. गिअर नाहीतच. चढ आला की उतरून मागचं चाक काढायचं आणि उलटं बसवायचं, दुसऱ्या बाजूला मोठी चकती असते. त्यासाठी फुलपाखरासारखे कानवाले नट. लाकडावर ब्रेकचं रबर चालत नाही म्हणून कॉर्कचे तुकडे. "शंभर वर्षं," भिंगकाका पुटपुटत होते, "शंभर वर्षं एकमेकींना टेकून उभ्या. आणि कुणी पुसलंसुद्धा नाही. बघ धूळ! ही धूळ मला फ्रेम करून लावायचीय."

पहिलीवर ताई होती. मी फार वेळ लावला नाही. खोलगा, पीळ, उघड्या लोखंडी ब्रेकवर अंगठीचा ओरखडा. मी ओळखीच्या माणसाला मान हलवतात तशी हलवली.

दुसरीपाशी मिस्त्री होते. मी काही विचारलं नव्हतं.

"ही दुसरी आहे," ते म्हणाले. आवाज हळू. "हिचा वेगळा हात. ही सरळ बसते. पण भित्री असणार. सारखी ब्रेक दाबत आलीय. हे बघा ना, उजव्या हाताच्या ब्रेकचं कॉर्क पार संपलंय, धातू रिमला लागतोय. हा आता कितीही दाबा, लागायचा नाही." मग ते खाली वाकले आणि त्यांनी क्रँककडे बोट दाखवलं. "आणि टाच घासते. उजवी."

क्रँकवर धुळीखाली एक अंडाकृती डाग होता. मी बोटाने धूळ सारली. तो आरशासारखा चकचकीत होता आणि त्यात माझं बोट दिसलं.

"मॅडम? बसा जरा. अहो भिंगकाका, पाणी आणा!"

मला चक्कर आली नव्हती. मी फक्त सीटकडे बघत होते. सीट मधोमध, नीट, दोन्हीकडे सारखी दबली होती. खोल. चामड्याला इतकं दबायला वर्षं लागतात. वर्षानुवर्षं रोज बसावं लागतं.

८

घरी आल्यावर मी दारात बूट काढले. आईने नेहमीप्रमाणे ते उचलून कोपऱ्यात ठेवायला घेतले आणि तशीच उभी राहिली.

"हे काय?"

उजव्या बुटाच्या टाचेला आतल्या बाजूने काळा, तेलकट, घासलेला पट्टा होता. कापड तिथे विरलं होतं.

"तू चालवतेस?"

"नाही आई."

"मी दोन सायकलवाल्या पोरी वाढवल्यात. मला हा डाग कळत नाही? खोटं बोलू नकोस माझ्याशी."

"खरंच नाही गं. एकदा पाय ठेवला होता, स्टँडवर. नुसता पाय. बसले नाही."

"एकदा पाय ठेवून कापड विरतं?"

मी खोटं बोलत नव्हते. ते तिलाही दिसलं असावं, कारण ती रागावली नाही. मोरीत बसून तिने ब्रश आणि साबणाने ती टाच घासली, घासतच राहिली. तिची पाठ हलत होती. मी दाराला टेकून उभी होते. जवळ जावं, खांद्यावर हात ठेवावा, हे मला सुचत होतं, पण हातापर्यंत पोचत नव्हतं.

"एकीच्या बाटल्या भरते मी रोज," ती मागे न बघता म्हणाली. "दुसरीच्या भरायला लावू नकोस मला."

"नाही लावणार."

"मी एकटी नाही राहू शकणार या घरात. स्पष्ट सांगते."

"मी कुठे जातेय? दुकानात जाते आणि परत येते."

सकाळी बूट वाळला होता. डाग परत आला होता, आधीपेक्षा गडद. तो मी आईला दाखवला नाही. आंघोळ करताना माझे तळहात बघितले. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधल्या खोबणीत दोन्ही हातांना कडक, पिवळट घट्टा होता. ब्रेकच्या मुठीवर हात ठेवून लांब लांब जाणाऱ्यांना असतो तसा. ताईला होता. मी वर्षभरात सायकलच्या हँडलला चिठ्ठी बांधण्याखेरीज हात लावलेला नाही.

वय काढण्याची माझी एक पद्धत आहे. सगळे भाग एकच सांगत असतील तर शंका घ्यायची नाही. त्या सकाळी न्हाणीघरात मी पहिल्यांदा माझ्यावर ती पद्धत लावली, आणि मग पाणी तसंच सोडून बाहेर आले.

९

काम सोडायचं, असं ठरवून मी दुकानात गेले. भिंगकाकांना तोंडाने सांगायचं, चावी द्यायची, दुपारच्या आत घरी. आईला वाटेत फोन करून सांगायचंही ठरवलं होतं, पण तिला समोरच सांगावं असं वाटलं.

दुकानात कुणी नव्हतं. काका आणि मिस्त्री निळी पोचवायला गेले होते, गिऱ्हाईक मिळालं होतं तिला. शटर अर्धं खाली होतं. मी आत जाऊन ते पूर्ण खाली ओढलं, कारण अर्ध्या शटरखालून नुसते पाय जाताना दिसले की मी दचकते. दिवा लावला. जोडी मधोमध स्टँडवर होती, पहिली पुढे, दुसरी मागे. काल त्या शेजारी शेजारी होत्या. हलवल्या असतील, फोटोसाठी.

मी चावी टेबलावर ठेवली आणि चिठ्ठी लिहायला वळले.

टिक. टिक. टिक.

पुढच्या सायकलचं चाक फिरत होतं. सावकाश. लाकडी रिमवरून दिव्याचा उजेड गोल गोल सरकत होता. पेडल स्थिर. पट्टी, उलट्या पिळांची, एका बाजूला ताणलेली, आत पाय असल्यावर ताणते तशी.

मी चाकाकडेच बघायचं ठरवलं. पण नजर थोडी वर गेलीच. सीटच्या वर, जिथे काही नव्हतं, तिथे धूळ हवेत तरंगत होती आणि एका आकाराला वळसा घालून जात होती. डावीकडे कललेल्या आकाराला. खांद्यापाशी ती हलली. मागे वळून बघायच्या आधी माणूस खांदा सैल करतं, तेवढीच.

ताई कधी मागे वळून बघायची नाही. मला ती वळायला नको होती.

मी डाव्या हाताने फोन काढला आणि आईला लावला. तिने लगेच उचलला.

"आई, मी दुकानात आहे," मी म्हणाले. "काम सोडतेय. घरी येतेय आत्ता."

"काय म्हणतेस? ऐकू येत नाही नीट."

"दुकानात आहे मी. शटर लावून."

"अगं, केवढा वारा वाजतोय तुझ्या मागे. कुठल्या रस्त्यावर आहेस तू?"

मी बंद शटरकडे पाहिलं. कॅलेंडरचं पान हलत नव्हतं.

"आई, मी दुकानात उभी आहे."

"आणि ते टिकटिक काय चाललंय?" तिचा आवाज बदलला. "दोन आहेत. दोन वाजतायत. कोण आहे गं तुझ्याबरोबर?"

मी खाली माझ्या पायांकडे बघितलं नाही. मला दोन्ही तळव्यांखालची फरशी जाणवायला हवी होती, ती जाणवत होती का ते मी तपासलं नाही.

"थांब," आई म्हणत होती. "बाळा, थांब ना. जिथे आहेस तिथेच थांब, मी येते. ऐकतेस का? थांब!"

"थांबते," मी म्हणाले.

फोन डाव्या हातात होता. उजवा हात रिकामा होता, आणि त्याची बोटं हवेतला ब्रेक दाबत होती, आधी सवयीने, मग जोरात, मग सगळा जीव एकवटून. काही लागत नव्हतं.